पूजेत बसवलेली डिस्क

आमच्या स्टुडिओत लग्न ठरलेली माणसं येतात त्याहून जास्त, घरातलं माणूस गेलेली माणसं येतात. नांदेडला दुकान टाकलं तेव्हा हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. म्हातारा जातो, दहाव्याच्या आत चौकात बॅनर लागायचं असतं, आणि तेव्हा घरच्यांना कळतं की म्हाताऱ्याचा एक धड फोटो नाही. मग पोरगा येतो. "काकू, आमच्या चुलत बहिणीच्या लग्नात बाबा पंगतीत वाढायला होते बघा, ऑर्डर तुमच्याकडंच होती." मी ते लग्न शोधायचं, ढिगातून बुंदीचं पातेलं धरलेले बाबा हुडकायचे, पातेलं पुसायचं, डोक्यावर फेटा चढवायचा. झाले बाबा तयार. लग्नात कॅमेरा घेऊन उड्या मारायचं काम आमच्या ह्यांचं, आणि गेलेली माणसं शोधायचं काम माझं. पाठ मोडते, डोळ्यांची आग होते, पण ते काम मी दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही.

तशीच एक बाई आली होती. किनवटकडच्या जंगलातल्या गावची, नवराबायको दोघंही मजुरीला जाणारी. तिची पोरगी तिकडच्या एका निवासी शाळेत पाचवीला होती. शाळा सुरू झाली की आम्ही तिथं जाऊन ओळखपत्रांचे फोटो काढतो, दरसाल. यंदाही काढले होते. पुढं पावसाळ्यात पोरीला ताप आला आणि नांदेडच्या दवाखान्यात आणेआणेपर्यंत ती गेली. त्या माऊलीकडं पोरीचा एकही फोटो नव्हता. आधार कार्डावर होता तो तान्हेपणीचा, त्यातही डोळे मिटलेले. घरात मोबाइल बटणांचा. पोरगी शाळेत यंदाच नवी आलेली, तिचं ऑनलाइनला अजून काही चढलं नव्हतं. ओळखपत्र होतं, ते गळ्यातच राहिलं आणि तिच्याबरोबर मातीत गेलं. वसतिगृह सांभाळणाऱ्या मॅडमनी मग तिला आमच्या दुकानाचा पत्ता दिला. त्या लेकराचा चेहरा आता जगात एकाच जागी होता, आमच्या कॉम्प्युटरात.

आता कॉम्प्युटराचं सांगते. माझा धाकटा भाऊ लातूरला असतो. तिथं शिकवणीचे क्लास गल्लोगल्ली, त्या क्लासवाल्यांचे कॉम्प्युटर सांभाळणं हा त्याचा धंदा. त्यानं मला फार आधी बजावलं होतं. "आक्का, आजकालचा चोर कॉम्प्युटर उचलून नेत नाही. तो लांब कुठंतरी बसून आतल्या मालाला कुलूप लावतो आणि किल्लीचे पैसे मागतो. रॅन्समवेअर म्हणतात त्याला. त्याच्यावर एकच इलाज. सगळ्या फोटोंची नक्कल दोन डिस्कांवर ठेवायची, एक दुकानात, एक घरी. आणि घरची डिस्क काम झालं की उपटून न्यायची. जोडून ठेवलीस तर तिलाही कुलूप लागतं, मग नक्कल असून नसून सारखीच."

मी ऐकलं. दर सोमवारी डिस्क डब्याच्या पिशवीत घालून दुकानात न्यायची, नवे फोटो उतरवायचे, संध्याकाळी परत आणून कपाटात शालूखाली ठेवायची. आमचे हे चेष्टा करायचे. "डिस्क जेवली का गं? की तिलाच भाकरी बांधून आणलीस?" मी म्हणायचे, जेवली, तुम्ही तुमचं बघा.

ह्यांचा हात कॅमेऱ्यावर चांगला आहे, त्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. पण माणूस हट्टी. अल्बम बनवायचं सॉफ्टवेअर विकत घ्या म्हणून मी बेजार झाले होते. ह्यांनी काय करावं? धंद्यातल्याच एका दोस्ताकडून पेनड्राइव्हवर फुकटचं आणलं. ते चालायला अँटिव्हायरस बंद ठेवावा लागायचा. म्हणजे चोर आत यावा म्हणून राखणीचं कुत्रं आपणच बांधून ठेवायचं! मी बोलले तर म्हणाले, "सगळं मार्केट तेच वापरून राहिलंय, आपण काय आभाळातून पडलो?" पालथ्या घड्यावर पाणी.

मग आली खंडेनवमी. आमचे सासरे, आबा, सुतार होते. त्यांच्या घरी त्या दिवशी रंधा, करवत, पटाशी सगळं घासूनपुसून, धार लावून देवीपुढं मांडायचे. धार लावूनच. बोथट हत्यार पूजेत ठेवायचं नाही, आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्याला बोट लावायचं नाही. आमच्या ह्यांनी सुतारकी सोडली पण ही रीत सोडली नाही. करवतीच्या जागी कॅमेरे आले, लेन्स आल्या, लाइटांचे स्टँड आले. पुढं कॉम्प्युटर आला आणि तोही पाटावर बसला.

यंदा ह्यांच्या डोक्यात नवीनच आलं. "घरची डिस्क पण घेऊन ये," म्हणाले.

"ती कशाला? ती घरीच ठेवायची असती."

"का? ती हत्यार नाही? वर्षभर आपली अब्रू राखती, आणि पूजेच्या दिवशी बिचारी साड्यांखाली कोंडून पडायची? हा कुठला न्याय?"

आणली. आणल्यावर म्हटलं, ठेवा पाटावर, लावा कुंकू, संध्याकाळी घेऊन जाते. तर ह्यांनी ती कॉम्प्युटराला जोडली. दुकानातली आधीच जोडलेली होती, तिच्या शेजारी ही. का, तर म्हणे दिवा लागला पाहिजे. "आबा बोथट करवत पूजेत मांडायचे का? तसं बंद मशिनीला हळदकुंकू वाहून काय फायदा? चालती असली पाहिजे." दोन्ही डिस्कांचे निळे दिवे लुकलुकायला लागले, त्यांच्यावर झेंडूची फुलं, कॉम्प्युटरच्या पडद्यावर माहूरच्या देवीचा फोटो. दिसायला सुंदर दिसत होतं, खोटं कशाला बोलू.

मी म्हटलं, "अहो, ह्याच्यासाठीच भाऊ सांगून सांगून थकला, दोन्ही एकत्र जोडायच्या नसतात." तर म्हणाले, "एक दिवसानं काय होतंय? देवीपुढं आहे ती." बाई माणूस एका हद्दीपर्यंत भांडतं, मग तिला घरची भिजलेली पुरणाची डाळ दिसायला लागते. मी घरी गेले.

आणि नेमकी त्याच दुपारी ती बाई दुकानात आली. हे मला ह्यांनी जेवताना सांगितलं, पुरणपोळीवर तूप घेत घेत. "किनवटकडची एक बाई येऊन गेली. तिची पोरगी वारली, शाळेच्या फोटोतला फोटो पाहिजे म्हणत होती."

"मग दिला ना काढून?"

"पुजलेल्या मशिनीला हात कसा लावणार? दसरा झाल्यावर या म्हटलं."

माझा घास हातातच राहिला. म्हटलं, "अहो, एवढ्या लांबून आली लेकरासाठी, द्यायचा होता!"

"मी जबरदस्तीनं पाठवलं का? तीच म्हणाली, हाव, पुजलेल्याला हात नका लावू, मी येईन परत." ह्यांनी हे असं सांगितलं की जणू दोघांनी मिळून देवीचा मान राखला. आणि खरं तर राखलाच होता. त्या बाईच्या घरी विळा आणि कुऱ्हाड पूजेत असणार, तीसुद्धा पुजलेल्या विळ्यानं गवत कापत नसणार.

दसऱ्याच्या सकाळी दुकान उघडलं. झेंडूची फुलं सुकून गेली होती. पडद्यावरची देवी गेली होती. तिच्या जागी काळा पडदा आणि त्यावर लाल अक्षरात इंग्रजी मजकूर. ह्यांना वाटलं लाइट गेल्यानं काही झालं असेल. मी फोटोंचे फोल्डर उघडून बघायला लागले. सगळीकडं कोरे पांढरे चौकोन, प्रत्येक फोटोच्या नावाला वेडीवाकडी अक्षरं चिकटलेली. आत कुणीच नव्हतं. ना नवऱ्या, ना नवरदेव, ना फेटे चढवलेले बाबा. मी दुकानातली डिस्क उघडली, तेच. घरची उघडली, तेच.

भावाला फोन लावला. तो क्षणात काय ते समजला. "आधी नेटची वायर उपट. दाजींना म्हणावं कुठल्याच बटणाला हात लावू नका. आणि घाबरू नको. घरची डिस्क आहे ना? मी येतो, कॉम्प्युटर पार धुऊन काढू आणि सगळं परत बसवू. त्याच्यासाठीच तर ठेवलीय ती."

मी पाटावरच्या डिस्कांकडं बघितलं.

"आक्का? घरची डिस्क घरीच आहे ना?"

"पूजेत आहे."

"कशात?"

"पूजेत. जोडलेली."

माझा भाऊ दाजींचा मान ठेवणारा आहे. पण त्या दिवशी तो फोनवर जे बोलला ते मी इथं लिहीत नाही. हे माझ्या शेजारीच उभे होते, त्यांना सगळं ऐकू गेलं. एरवी शब्दाला शब्द देणारा माणूस, खाली बघून झेंडूच्या पाकळ्या वेचत बसला.

भाऊ आला, त्यानं बघितलं. चोर त्या फुकटच्या सॉफ्टवेअरमधूनच आत शिरलेला होता. बरेच दिवस नुसता दबा धरून होता, आणि पूजेची संध्याकाळ झाल्यावर त्यानं काम सुरू केलं होतं. म्हणजे दुपारी ती बाई आली तेव्हा तिच्या पोरीचा फोटो शाबूत होता. हे भावानं अगदी साध्या आवाजात सांगितलं, त्याला बिचाऱ्याला त्या बाईचं काही माहीत नव्हतं. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही.

पैसे भरून टाकू, असं ह्यांचं म्हणणं पडलं. भाऊ म्हणाला, "दाजी, चोराच्या शब्दावर? पैसे घेऊन किल्ली देईलच ह्याचा काय भरवसा? आणि एकदा दिलं की गिऱ्हाईक सापडलं म्हणून परत येईल." मग पोलिसांकडं तक्रार दिली. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं, सगळं लिहून घेतलं आणि शेवटी हळूच विचारलं, "आमच्या मुलीच्या हळदीचे फोटो पण त्यातच का हो?" त्यातच होते.

नंतरचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. रोज कुणीतरी यायचं. नवऱ्यामुलीचा बाप आरडाओरडा करायचा. एक पोरगी फोनवर म्हणाली, काकू, माझं डोहाळजेवण आलं आणि लग्नाचा अल्बम अजून नाही. काय सांगायचं? किती जणांना सांगायचं? चौघींना नीट समजावलं की पाचवीला सांगताना माझी जीभ जड व्हायची. रागसुद्धा येईना झाला. राग यायलाही अंगात जीव लागतो. मला नुसतं कुठंतरी भिंतीकडं तोंड करून पडावंसं वाटायचं.

भाऊ म्हणाला कुलूप लागलेल्या डिस्का फेकू नका, कधी कधी असली टोळी सापडते आणि मग किल्ल्या बाहेर येतात. त्या अजून कपाटात आहेत.

आणि मग सांगितल्याप्रमाणे ती आली. दसरा झाला होता ना.

अंगानं बारीक, माझ्याहून पुष्कळ लहान. कडेवरचं लेकरू झोपलेलं. ह्यांनी तिला लांबूनच ओळखलं आणि मला म्हणाले, "चहा सांगून येतो." आमच्या दुकानाला मागून दार आहे. चहावाला चहा देऊन गेला तरी हे आले नाहीत.

मी तिला बसवलं. म्हटलं, "बाई, फोटो होता. आता उघडत नाही."

"बिघडली का मशीन?"

"बिघडली नाही. कुणीतरी लांबून कुलूप लावलंय."

"कोन?"

"माहीत नाही. परदेशातला असेल. ओळखीचा नाही, पाळखीचा नाही."

"मंग किल्ली त्याच्याजवळ हाय?"

"हाव."

तिनं लेकराला ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. जरा विचार केला. मग म्हणाली, "त्याला सांगितलं का तुमी? पोरगी न्हाई म्हनून?"

तिला वाटत होतं की माणूसच आहे ना तो शेवटी, त्याला ठाऊक नसेल, सांगितलं की देईल. मी म्हटलं सांगते. दुसरं काय म्हणणार होते?

जाताना दारात थांबून म्हणाली, "माही पोरगी हासायची ते याद हाय मले. आवाज याद हाय. पर नाक कसं होतं ते आता येकदम याद येत न्हाई. रोज बसून आठवून राहिली." एवढं बोलून गेली. मी स्टुलावर बसून मोठमोठ्यानं रडले. समोरच्या कपड्याच्या दुकानातली माणसं बघत होती, बघू दे म्हटलं.

हे आल्यावर मी त्यांना जे सुनावलं ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं असेल. "पुजलेल्याला हात लावायचा नाही! बघा आता, हात लावायला तरी काही उरलंय का!" मनातलं सगळं ओकले. संध्याकाळी बघते तर मोबाइलवर भाषांतर करून, पडद्यावर दिलेल्या पत्त्यावर त्या चोरालाच लिहून राहिले होते, की बाबा, एका आईला फक्त एक फोटो पाहिजे, बाकीचे सगळे तुला ठेव. उत्तर आलं. पडद्यावर होतं तेच पहिलं वाक्य, पैशांचा तोच आकडा. मी मोबाइल काढून घेतला आणि भाकरी वाढली. माणसावर किती चिडायचं? चिडूनही थकायला होतं.

पुढं दिवाळीच्या आसपास भावाचा फोन आला. काहीतरी वेगळंच विचारत होता. "आक्का, शाळांचे फोटो कुठल्या कॅमेऱ्यानं काढतात दाजी?"

"जुन्या. तो खेड्यापाड्यात न्यायला ठेवलाय."

"त्यातलं कार्ड तेच आहे का अजून?"

तेच होतं. आता कार्डावरचे फोटो कॉम्प्युटरात उतरवले की हे ते पुसून टाकायचे, दुसऱ्या कामाला कार्ड मोकळं. पण भाऊ म्हणाला पुसलं तरी लगेच जात नाही. पाटीवरून फडकं फिरवलं तरी अक्षराचा माग राहतो, वर दुसरं लिहीपर्यंत. ह्यांना विचारलं, वर काही लिहिलंय का? तर त्या कॅमेऱ्यानं शाळेनंतर कंधारकडचं एक बारसं काढलं होतं. कार्ड भरलं नव्हतं पण. "म्हणजे काही पोरी गेल्या आणि काही असतील," भाऊ म्हणाला. "कॅमेरा चालू पण करू नका. कार्ड काढ आणि घेऊन ये."

कार्ड सुपारीच्या स्टीलच्या डबीत घातलं आणि लातूरची एसटी धरली. सगळ्या वाटेत पर्स मांडीवर, दोन्ही हात तिच्यावर. शेजारच्या बाईला वाटलं असेल सोनं नेतेय.

भावानं कार्ड त्याच्या कॉम्प्युटराला लावलं, ते खणायचं सॉफ्टवेअर चालू केलं आणि म्हणाला आता वेळ लागेल. तोवर त्यानं मला क्लासवाल्यांसाठी तो काय करतो ते दाखवलं. एक डिस्क क्लासमध्ये, एक दुसऱ्याच इमारतीत, आणि एक नक्कल नेटवर, जी कुणाला पुसताच येत नाही अशी. शिवाय अधूनमधून तो एखादी डिस्क घेऊन कोऱ्या कॉम्प्युटरवर सगळं परत बसवून बघतो. मी विचारलं, काही झालेलं नसताना कशाला? "लोणच्याची बरणी वरून बघून कळतं का बुरशी आली की नाही? उघडून, चाखूनच बघावं लागतं." मी इतकी वर्षं सोमवारच्या सोमवार डिस्क वाहिली, पण तिच्यातून सगळं परत बसतं का ते कधी बघितलं नव्हतं. म्हटलं बाबा, ह्याच्यापुढं बघेन, आत्ता मला कान उपटून घ्यायचं त्राण नाही.

आता आमच्याकडंही तीन जागी असतं. फुकटचं सॉफ्टवेअर गेलं, कॉम्प्युटर कोरा करून नव्यानं बसवला. एक डिस्क तर आम्ही नणंदेकडं ठेवतो, तिला सांगितलंय की ह्यांनी मागितली तरी द्यायची नाही. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय. लोक म्हणतात आता तुम्ही हुशार झालात. हुशारी नव्हे ही, थकवा आहे. पुन्हा तसले दिवस काढायची ताकद नाही म्हणून माणूस दारं लावून घेतं.

कार्डातून पोरी निघाल्या. सगळ्या नाही, आणि सगळ्या धडही नाहीत. कुणाचं नुसतं कपाळ आणि डोळे, खाली करडा पट्टा. कुणी हनुवटीपर्यंत. मधूनच बारशाचा पाळणा. पण बऱ्याच पोरी अख्ख्या होत्या. आता आली का पंचाईत? मला ती पोरगी कुठली हे कसं कळणार? सगळ्यांचा तोच गणवेश, त्याच दोन वेण्या, तीच तोंडाला फासलेली पावडर. मॅडमच्या फोनला रेंज मिळेना. शेवटी निरोप पोचला आणि ती बाई कापसाची वेचणी टाकून नांदेडला आली.

ह्या वेळेला हे चहा सांगायला गेले नाहीत. खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. मी एकेक फोटो पुढं सरकवत होते. ती पडद्याच्या इतकी जवळ की तिचा श्वास काचेवर दिसत होता. ही नव्हे. ही आमच्या गावच्या पाटलाच्या शेतावरल्याची. ही नव्हे. अर्धा चेहरा आला की ती हात वर करून थांबवायची, नीट बघायची, मग मान हलवायची. पाळणा आला. पोरी संपल्या.

"न्हाई यात," ती म्हणाली.

मी ह्यांच्याकडं बघितलं, त्यांचा चेहरा तर पांढराफटक. इतकं करून, लातूरपर्यंत जाऊन, शेवटी हेच. मला वाटलं ती आता उठेल. ती उठली नाही. म्हणाली, "येकदा परत दाखवा."

परत दाखवायला घेतलं. मला तर पोरींकडं बघवेना, नुसतं बटण दाबत होते. मध्येच तिनं माझं मनगट धरलं.

स्टुलावर एक गोल चेहऱ्याची पोरगी बसलेली होती, मागं आमचा निळा कपडा. पहिल्या वेळेला आम्ही सगळ्यांनी हिलाच बघितलं होतं आणि पुढं गेलो होतो. पण हे फोटो काढताना आजूबाजूची जागा सोडून काढतात, कडा नंतर कॉम्प्युटरात कापल्या जातात. कार्डावर कापलेलं काही नव्हतं. निळा कपडा संपतो तिथं, पडद्याच्या पार कडेला, रांगेतली पुढची पोरगी उभी होती. एका वेणीची रिबीन दातात धरून दुसरी बांधून राहिलेली, आणि कुणाकडं तरी बघून हसणारी. जराशी हललेली. तिचा स्वतःचा, पुढचाच फोटो, बारशाच्या पाळण्याखाली पुसला गेला होता.

"ही," ती म्हणाली. काचेवर बोट ठेवलं आणि काढलंच नाही. "ही बगा. ही."

मग आमच्या ह्यांच्या अंगात जीव आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते त्यांच्या जुन्या आवाजात बोलले. "बाई, तुम्ही काही काळजी करू नका. ही मधली पोरगी मी काढून टाकतो, तुमच्या पोरीला मधोमध आणतो, मोठी करतो, मागं छान रंग देतो. एकटीचा असा फोटो बनवून देतो की बघत राहाल." त्यांनी माऊस हातात घेतलासुद्धा.

तिनं त्यांचा हात धरला. परक्या पुरुषाचा हात धरायची बाई नव्हती ती, पण धरला.

"नका काढू तिले. आमच्याच गावची हाय, येका चादरीत निजायच्या दोघी." मग पडद्याकडं बघतच म्हणाली, "असू द्या जवळ. येकटी लई भेते ती."